वर्ष गेले म्हणजे नेमके काय गेले?

जुलैचा दुसरा आठवडा होता. इशाची नमाज आटोपून आम्ही घरी आलो, तोच धाकट्या बहिणीचा फोन आला. "भाईजान, उद्या जरा येऊन जाता का? पोरीचं काहीतरी बिनसलंय. नीट जेवत नाही, बोलत नाही. विचारलं तर म्हणते, काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरून आम्ही गेलो. भाची स्वयंपाकघरात पीठ मळत होती. एरवी दारातच "मामू आले!" म्हणून ओरडणारी ही मुलगी, त्या दिवशी तिने मान वर केली नाही. चहा झाला. बहीण काही आणायला दुकानात गेली, तेवढा मोका साधून भाची हळूच म्हणाली, "मामू, निकाल लागून तीन आठवडे झाले. चार विषय राहिलेत. दुसऱ्या वर्षाला घेणार नाही म्हणतात. अब्बांना सांगू नका ना."

तीन आठवडे ही पोर रोज सकाळी सॅक पाठीला लावून सातच्या गाडीने निघत होती. तालुक्याच्या गावी उतरायचे, थोडा वेळ बसस्थानकाच्या बाकावर, थोडा वेळ वाचनालयात काढायचा आणि दुपारच्या गाडीने परत यायचे. डबाही तसाच परत येत होता. चार विषयांचे ओझे एकीकडे आणि हे रोजचे खोटे एकीकडे. यांतले जड कोणते होते, हे तिच्या तोंडाकडे बघूनच कळत होते.

आम्ही तिला म्हणालो, "अब्बांना सांगावं लागेल बेटा. पण तू एकटीने नाही. आम्ही शेजारी बसतो."

हे वाचताना वाचकांना वाटेल, मामू मोठे समजूतदार. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ती आम्ही या सदरात आजवर कधी लिहिलेली नाही.

आम्ही स्वतः एफ.वाय.बी.कॉम.ला दोन विषयांत नापास झालो होतो. आमचे अब्बा रागावले, दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पुन्हा बस परीक्षेला." आम्ही बसलो, सुटलो आणि पुढे पदवी झाली. पुढे १९९८ साली हीच बहीण एफ.वाय.ला इंग्रजी आणि अकाउंटन्सीत राहिली. तेच घर, तेच अब्बा, तोच वर्ग, विषयही दोनच. तिला मात्र सांगण्यात आले, "बस झालं आता शिक्षण." वर्षाच्या आत तिचा निकाह झाला. ती काही बोलली नाही. आम्ही मात्र बोलू शकत होतो. "मलाही दोन विषय लागले होते, मला दुसरी संधी दिलीत, तिलाही द्या," एवढे एक वाक्य आमच्याकडून निघाले नाही.

संध्याकाळी मेहुणे दुकान बंद करून आले. जेवणे झाल्यावर आम्ही विषय काढला. भाचीने स्वतःच्या तोंडाने सांगितले, खाली बघत. मेहुणे बराच वेळ गप्प बसले. मग आधी पैशांचा हिशेब निघाला. फी, पुस्तके, गाडीभाडे. मग "लोकांना काय सांगायचं?" आणि शेवटी ज्याची आम्हाला भीती होती तेच वाक्य: "तिच्या फुप्पीने एक स्थळ सुचवलंच आहे. बघू या मग."

आम्ही तोंड उघडणार, त्याआधी आमची बहीण बोलली. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाली, "माझ्या वेळी कुणी विचारलं नाही की नापास का झालीस. हिला तरी विचारा."

त्या रात्री मग पहिल्यांदा "किती विषय?" सोडून "का?" हा प्रश्न विचारला गेला. उत्तर ऐकून घर गप्प झाले. जानेवारीत दादी अंगणात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, पुढे अडीच महिने त्यांना उठवणे, बसवणे, औषध देणे, सगळे या मुलीने केले. घरात सगळे तिला शाबासकी देत होते. पण त्याच अडीच महिन्यांत तिचे प्रॅक्टिकल बुडत होते, जर्नल अपुरे राहत होते, इंटर्नल परीक्षेला ती गैरहजर होती, हे कुणाच्या लक्षातच आले नाही. तिने सांगितलेही नाही. दादीची सेवा सोडून कॉलेजला जाते म्हणायला तिची जीभ वळली नाही. चारपैकी दोन विषय असे गेले होते. उरलेले दोन, भौतिकशास्त्र आणि गणित, भाषेमुळे. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि पुढे गावच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी. अकरावी-बारावी पाठांतरावर निघाली. कॉलेजात सर फळ्यावर झरझर लिहीत आणि इंग्रजीत सांगत. तिला समजलेले असूनही लिहिता येत नव्हते, आणि न समजलेले विचारता येत नव्हते.

मेहुणे उठले, आईच्या खोलीत डोकावून आले आणि म्हणाले, "हे मला आधी का नाही कळलं?" फुप्पीच्या स्थळाचा विषय त्या रात्री पुन्हा निघाला नाही.

हे सारे घरगुती प्रकरण आम्ही भाचीची आणि बहिणीची परवानगी घेऊनच लिहिले आहे. कारण दरवर्षी जून-जुलैत अशी कितीतरी घरे असतात आणि बहुतेक घरांत "का?" विचारण्याआधीच निकाल लावून टाकला जातो. मुलगा असेल तर "लाव गॅरेजमध्ये", "पाठव चाचांकडे दुबईला". मुलगी असेल तर "बघा स्थळ". काम वाईट नाही, निकाह तर नाहीच. पण तो निर्णय म्हणून व्हावा, शिक्षा म्हणून नव्हे.

आता थोडे कामाचे बोलू. आधी हे समजून घ्यायला हवे की "नापास" हा एकच प्रकार नाही. काही विषय राहिले आणि ते ठरलेल्या मर्यादेत असले, तर विद्यार्थ्याला पुढच्या वर्षात बसता येते. यालाच एटीकेटी म्हणतात; "अलाउड टू कीप टर्म्स" या शब्दांचे ते लघुरूप. मुले "केटी लागली" म्हणतात ती हीच. राहिलेले विषय पुढच्या परीक्षेत द्यायचे. मात्र बऱ्याच अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात जाता येत नाही. त्यामुळे केटी हलक्यात घेऊन साठवत गेलेली मुले पुढे अडकतात. मर्यादेपेक्षा जास्त विषय राहिले तर मात्र वर्ष थांबते. किती विषयांची किंवा किती क्रेडिटची मर्यादा, हे विद्यापीठागणिक आणि अभ्यासक्रमागणिक वेगळे असते. शेजारच्या मुलाला चालले म्हणजे आपल्यालाही चालेल असे नाही. कॉलेजच्या कार्यालयात जाऊन, आपल्या अभ्यासक्रमाचा नियम लेखी पाहून घ्यावा. आई किंवा वडील सोबत गेले तर उत्तम.

दुसरी गोष्ट. वर्ष थांबले म्हणजे सगळे पुसले गेले, असे साधारणपणे नसते. जे विषय सुटले त्यांचे गुण आणि क्रेडिट जमा राहतात. राहिलेले तेवढे द्यावे लागतात. भाचीच्या बाबतीत सगळ्यांना वाटत होते की पूर्ण वर्ष पहिल्यापासून. प्रत्यक्षात चार पेपर आणि दोन विषयांचे प्रॅक्टिकल. हे कागदावर लिहून भिंतीला लावले तेव्हा तिचे खांदे जरा सैल झाले.

तिसरी गोष्ट, मुदती. निकालानंतर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकन मागता येते, पण त्यासाठी दिवस थोडे असतात. दोन-चार गुणांनी विषय राहिला असेल तर हे जरूर करावे. गुण वाढले नाहीत तरी फोटोकॉपी पाहून कळते की पोर नेमकी कुठे चुकली. निकाल लपवण्याचे खरे नुकसान हेच. आमच्या भाचीच्या तीन आठवड्यांत ती मुदत निघून गेली होती.

आता कारणाकडे. आमच्या पाहण्यात पहिल्या वर्षाचे नापास होणे हे बहुतेक वेळा बुद्धीचे नसते, बदलाचे असते. शाळेत सर मागे लागतात, कॉलेजात कुणी लागत नाही. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला एकदम इंग्रजी पुस्तक हातात मिळते. गावातून दोन गाड्या बदलून जाणाऱ्या मुलाचा दिवसाचा तीन-चार तासांचा वेळ रस्त्यातच जातो. कुणी संध्याकाळी दुकानावर बसते, कुणी मोबाईलवर रात्रीचे दोन वाजवते. कुणाला विज्ञान नकोच होते, पण दहावीला टक्के चांगले पडले म्हणून घरच्यांनी घातले. कारण वेगळे, तर इलाजही वेगळा.

दोन जुनी उदाहरणे देतो. "नापास झालेलेच मोठे होतात" असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही, तसे नसते. कारण किती वेगळे असू शकते, एवढ्यासाठीच ती पाहावीत. मोहनदास गांधी १८८८ साली भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. तिथले काही समजेना. प्राध्यापक चांगले होते, आपणच कच्चे होतो, असे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. पहिले सत्र संपताच ते घरी परतले. सुट्टीत मावजी दवे नावाचे कुटुंबाचे जुने स्नेही आले, त्यांनी अभ्यासाची चौकशी केली, घरच्यांशी बोलले आणि विलायतेला जाऊन बॅरिस्टर होण्याचा मार्ग सुचवला. तिथेही लंडनची मॅट्रिक पहिल्या खेपेला लॅटिनमुळे राहिली, दुसऱ्या खेपेला सुटली.

दुसरे श्रीनिवास रामानुजन. १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती घेऊन गेले. गणितात त्यांना तोड नव्हती, पण बाकीच्या विषयांकडे बघवेना. नापास झाले, शिष्यवृत्ती गेली. १९०५ साली हा मुलगा घरी न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. पुढे मद्रासच्या कॉलेजातही एफ.ए.ची परीक्षा त्यांच्या हातून सुटली नाही.

एकाला शिकवलेले कळत नव्हते, दुसऱ्याला एकाच विषयाशिवाय काही नको होते. आणि दोघांत आणखी एक फरक आहे, तो आईवडिलांनी पाहावा. एक घरी परत आला, आणि घरात बसून बोलणारे माणूस त्याला भेटले. दुसरा घर सोडून पळाला. आपल्या मुलाला निकालाच्या दिवशी घराकडे यावेसे वाटते की घरापासून दूर जावेसे वाटते, हे त्या दिवशी ठरत नाही. आधीच्या अठरा वर्षांत ठरत आलेले असते. पण उशीर झाला तरी दार उघडता येते.

कारण कळले की रस्ता निवडावा. आम्हाला तीन रस्ते दिसतात. एक, त्याच अभ्यासक्रमात राहून राहिलेले विषय सोडवणे. विषय आवडतो, पण परिस्थिती आड आली, अशा मुलांसाठी हाच बरा. दोन, शाखा बदलणे. विषयच नकोसा असेल तर तीन वर्षे ओढत नेण्यापेक्षा बारावीच्या गुणांवर दुसऱ्या शाखेत पहिल्या वर्षाला नव्याने जाणे शहाणपणाचे. आयटीआयचे ट्रेड किंवा पदविकाही आहे, तो कमीपणा नाही. तीन, काम करता करता शिकणे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याचसाठी आहे. घरची गरज असेल आणि मुलाला कामाला लागावेच लागणार असेल, तरी शिक्षणाचा धागा तोडू नये.

पैशांची बाजूही त्याच वेळी पाहावी. शिष्यवृत्ती असेल तर नापास झाल्यावर तिचे नूतनीकरण अडू शकते. नियम विचारून घ्यावा. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला आपण होऊन कळवावे, कारण पुढचा हप्ता निकाल पाहूनच दिला जातो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनी जागेचे विचारावे. यांतले काहीही लपवून सुटत नाही.

आणि आता सर्वांत अवघड भाग. तो म्हणजे थांबलेले वर्ष. ज्याला चारच पेपर द्यायचे आहेत, त्याला रोज कॉलेजला जाण्याची सक्ती नसते. मैत्रिणी पुढच्या वर्गात गेलेल्या, सकाळी उठायला कारण नाही, आणि घरात येणारा-जाणारा विचारतो, "काय चाललंय सध्या?" या रिकामपणात मुले चार विषयांपेक्षा जास्त खचतात. म्हणून त्या वर्षाला आकार द्यावा लागतो. आमच्या भाचीचे असे ठरले: प्राचार्यांना अर्ज देऊन भौतिकशास्त्र आणि गणिताच्या तासांना बसायची परवानगी घ्यायची. अर्ज तिने स्वतः लिहिला, वडील सोबत गेले, परवानगी मिळाली. आठवड्यातले तीन दिवस कॉलेज. उरलेल्या दिवशी सकाळी दोन तास अभ्यास. तो असा की धडा आधी मराठीतून समजून घ्यायचा, मग त्याच धड्यातले दहा इंग्रजी शब्द वहीत आणि एका प्रश्नाचे उत्तर इंग्रजीत, न बघता. दुपारी सरकारी टायपिंगचा कोर्स, म्हणजे वर्षाच्या शेवटी हातात काहीतरी प्रमाणपत्र असेल. आणि दादींचे काम? त्याची वाटणी झाली. सकाळचे औषध आणि मालिश आता नातू करतो. पहिले चार दिवस त्याने तोंड वाकडे केले, आता दादींशी त्याची गट्टी जमली आहे.

नातेवाइकांचे काय? आमच्या बहिणीने त्याला सोपा उपाय काढला. कुणी विचारले की ती सरळ सांगते, "चार विषय राहिलेत, हिवाळ्यात देणार आहे." एवढे सरळ सांगितल्यावर पुढे विचारायला लोकांकडे फारसे उरत नाही. लपवलेल्या गोष्टीचीच चर्चा जास्त होते.

आमच्या घरांत अशा वेळी दोन शब्द फार ऐकू येतात, नशीब आणि सब्र. नशीब म्हणून सोडून देणे आणि सब्र करणे यांत फरक आहे. सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. अडीच महिने दादींना उठवून बसवणाऱ्या मुलीला सब्र म्हणजे काय, हे आम्ही शिकवायची गरज नव्हती. आमचे काम तिच्यासाठी रोजचे दोन तास मोकळे करून देण्याचे होते.

एक गंभीर गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख संपवता येणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव घेतला, आणि त्यांत सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रातले होते. प्रत्येकामागे निकालच होता असे नाही. पण मूल जेवत नसेल, झोपत नसेल, आपल्या वस्तू वाटून टाकत असेल, "मी नसतो तर बरं झालं असतं" असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये, उपदेश करू नये, जवळ बसावे आणि सरळ विचारावे. डॉक्टरांकडे न्यायला लाजू नये. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो आणि त्यावर मराठीतून बोलता येते. हा क्रमांक फ्रिजवर, कॅलेंडरवर, कुठेही लिहून ठेवा.

भाचीचा निकाल काय लागला, असे वाचक विचारतील. हिवाळी परीक्षेत चारपैकी तीन विषय सुटले. गणित राहिले. निकाल लागला त्याच दिवशी, बसस्थानकावरूनच, तिने वडिलांना फोन केला. आम्हाला तीन विषयांपेक्षा त्या फोनचा आनंद जास्त झाला. गणिताचा पेपर उन्हाळ्यात आहे; दुआ करा.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो होतो. निघताना बहिणीने कपाटातून एक जुनी प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत बारावीची गुणपत्रिका होती, घड्यांवर झिजलेली, पण अक्षरे शाबूत. म्हणाली, "भाईजान, त्या मुक्त विद्यापीठाला वयाची अट असते का हो?"

नसते, आम्ही सांगितले. आणि एवढ्या वर्षांपूर्वी जे वाक्य बोलायला हवे होते, ते त्या दिवशी मेहुण्यांसमोर बोललो, "मलाही दोन विषय लागले होते." मेहुणे हसले. म्हणाले, "मग फॉर्म आणायला तुम्हीच सोबत जा."

पुढच्या सोमवारी आम्ही तिघे अभ्यासकेंद्रावर गेलो. फॉर्म भाचीने भरला, सही बहिणीने केली.